तारीख नसलेला धीर

भाचीचं म्हणणं थोडक्यात असं होतं: येत्या रविवारी उपासना संपत आली की, आशीर्वचनाच्या आधी, ती उठून उभी राहणार आणि वसतिगृहातल्या धान्याचं काय होतं ते सगळ्या मंडळीसमोर सांगून टाकणार. मामांचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं: असलं काही करायचं नाही.

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीच्या कमिटीवर बरीच वर्षं. भाची आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, नगर जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका. दोघांचा प्रभू एक, दोघांचं बायबल एक, आणि दोघं भांडतातही त्यातलेच दाखले देऊन. त्या संध्याकाळचा वाद जमेल तितका त्यांच्याच शब्दांत इथे मांडते आहे, कारण असे प्रश्न आपल्या कितीतरी संस्थांमध्ये दाबून ठेवलेले आहेत.

आधी वस्तुस्थिती. वसतिगृहातल्या बहुतेक मुली ऊसतोड कामगारांच्या. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, ते चैत्राच्या आसपास परततात. वसतिगृह असेल तर मुलगी शाळेत राहते. नसेल तर ती फडावरच्या कोपीत धाकटं भावंड सांभाळते, वाढं बांधते, आणि एक दिवस तिचं लग्न लावून नवा कोयता (फडावर नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात) तयार होतो. हजेरीपत्रकावर मुली 62 आहेत. रात्री अंथरुणं मोजली तर 44 भरतात. बिलं 62 जणींच्या हिशोबाची, आणि टेम्पोतून उतरतं ते 44 जणींनाही पुरत नाही. भाचीने मोबाइलवर आम्हाला एक फोटो दाखवला. साठा नोंदवहीचं पान होतं. तूरडाळीच्या ओळीत, आवकच्या रकान्यात, पांढरी शाई फिरवून तिच्यावर नवा आकडा घातलेला. शेजारी स्वयंपाकीणबाईंची सही, आणि त्या आकड्याची शेपटी सहीवरून गेलेली. सही आधी झाली आणि आकडा मागून आला, हे शाळकरी पोराच्याही लक्षात यावं. ज्यांच्या सांगण्यावरून हे चालतं ते गृहस्थ संस्थेचे विश्वस्त आहेत आणि रविवारी पहिल्या बाकावर बसतात.

भाची: मामा, नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने कुणाची परवानगी घेतली होती?

मामा: कुणाचीच नाही. पण दारातून आत शिरल्या शिरल्या त्याने आरडाओरडाही केला नाही. गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची हकिगत सांगितली. राजा संतापला, राजानेच शिक्षा सुनावली, आणि मग नाथानाने त्याच्याकडे बोट केलं. तोंड उघडायच्या आधी त्या माणसाने किती विचार केला असेल बघ.

भाची: नाथानाला राजा भेटत तरी होता. हे विश्वस्त माझा फोन घेत नाहीत. भेटलेच तर म्हणतात, ताई, प्रार्थना करा. डाळ कमी पडते म्हणून प्रार्थना करू?

मामा: अगं, मी तुला गप्प बस म्हणत नाही. रविवारी उठू नकोस एवढंच म्हणतोय. तू उठशील, पाच मिनिटं बोलशील, अर्धी मंडळी रडेल आणि अर्धी तुझ्यावर तुटून पडेल. सोमवारी काय? सोमवारी ती वही कुणाच्या कपाटात असेल?

भाची: म्हणजे शेवटी भीतीच.

मामा: भीती म्हण हवं तर. पेत्राला नव्हती भीती. गेथशेमाने बागेत येशूला धरायला घोळका आला तेव्हा तलवार उपसली ती त्यानेच. प्रमुख याजकाच्या चाकराचा कान उडवला. त्या चाकराचं नाव मल्ख, योहानाने आठवणीने लिहून ठेवलंय. प्रभूने तलवार म्यानात घालायला लावली, आणि लूक सांगतो, तो कान बरा केला. त्याच रात्री, कोंबडा आरवायच्या आत, अंगणातल्या शेकोटीजवळ एका दासीने नुसतं विचारलं की तूही त्याच्यातलाच ना, तर हाच तलवारबहाद्दर शपथा घ्यायला लागला की मी त्या माणसाला ओळखत नाही. रविवारी उठून बोलणं म्हणजे तलवार उपसणं, बाळ. ते तुला जमेल. पण चौकशी लागली की सहा-सहा महिने प्रत्येक तारखेला जायचं, तेच खरं तेवढ्याच शांतपणे सांगायचं, मागून लोक काहीबाही बोलत असताना सांगायचं. ते शेकोटीजवळचं काम आहे. त्याची तयारी आहे का तुझी?

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने धैर्याबद्दल हेच मांडलं होतं. चार मुख्य सद्गुणांत त्याने विवेकाला पहिला मान दिला, आणि धैर्याबद्दल लिहिलं की चालून जाण्यापेक्षा टिकून राहणं हे त्याचं मुख्य काम. मामांनी अक्वायनस वाचला नसेल. शाळा चालवताना त्यांना ते कळलं असावं.

मामा: आणि प्रभूने रीत घालून दिलीय. मत्तयाचा अठरावा अध्याय काढ. आधी एकट्याने जाऊन चूक दाखवायची. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यायचं. तरी नाही ऐकलं तर मंडळीच्या कानावर घालायचं. तू पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारतेस.

भाची: ती रीत भावाने भावाचा अपराध केला तर. माझं उद्या कुणा बहिणीशी बिनसलं तर मी तसंच करीन. इथे अपराध माझा झालेला नाही, 44 पोरींचा झालाय. ज्याने केलाय त्याच्याकडे कपाटाची किल्ली आहे. त्याला एकटी जाऊन सांगू म्हणजे काय करू? वही गायब करायला आठवडा देऊ? पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात त्याने स्वतः लिहिलंय. परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसून जेवणारा पेत्र, यरुशलेमची माणसं आल्याबरोबर पंक्तीतून उठला. चूक चारचौघांत झाली, तेव्हा बोलणंही चारचौघांत झालं.

मामा यावर लगेच काही बोलले नाहीत. मला भाचीचं म्हणणं पटलं होतं, आणि ते इथे स्पष्टच लिहिते. मत्तयाचा अठरावा अध्याय आपल्याकडे फार वेळा चुकीच्या जागी काढला जातो. देणाऱ्याचं नाव मोठं असलं, आडनाव जुनं असलं की मंडळीतला कुणीतरी वडीलधारा हळूच म्हणतो, शास्त्राप्रमाणे आधी एकट्याने भेटा. पण हा अध्याय सुरू होतो तो एका मुलाला मध्ये उभं करून. लहानांतल्या एकाला जो अडखळवतो त्याच्याबद्दल प्रभू तिथे गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची भाषा करतो. इतकं कडक तो क्वचितच बोललेला आहे. पहिला भाग सोडून मधल्या तीन पायऱ्या तेवढ्या वाचायच्या, हे शास्त्र वाचणं नव्हे.

मामा: बरं, तुझा मुद्दा घेतला. आता माझा घे. संस्थेची बदनामी झाली, अनुदान अडलं, वसतिगृहाला कुलूप लागलं. आत्ता जानेवारी चालू आहे. पोरींचे आईबाप फडावर आहेत. या 44 जणी कुठे जातील? दहावीला किती आहेत?

भाची: नऊ.

मामा: मार्चमध्ये परीक्षा. तू धीट ठरशील आणि किंमत त्या नऊजणी भरतील. दुसऱ्याच्या खिशातून भरलेल्या किमतीला मी धैर्य म्हणत नाही.

भाची: आणि मी गप्प राहिले तर किंमत कोण भरतं? त्याच भरतात, दोन्ही वेळच्या जेवणात. सातवीतली एक मुलगी शनिवारी प्रार्थनेच्या तासाला चक्कर येऊन पडली. तुमच्या हिशोबात नऊ मुलींची परीक्षा आहे, तिची चक्कर नाही. पंडिता रमाबाईंनी असा हिशोब केला असता तर केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं असतं का?

रमाबाईंचं नाव निघालं आणि मामा सावरून बसले. हा त्यांचा आयुष्यभराच्या वाचनाचा विषय.

मामा: हिशोबच केला होता त्यांनी. लोकांना वाटतं रमाबाई म्हणजे नुसतं धाडस. धाडस तर होतंच. आईबाप आणि बहीण दुष्काळात डोळ्यांदेखत गेले, भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या तर तिथल्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं. लग्न केलं ते जात ओलांडून, आणि दोन वर्षांत नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात मनोरमा. पण त्यांच्या आयुष्यातला शहाणपणाचा भाग बघ. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. आश्रय त्यांचा, अन्न त्यांचं. तरी शाकाहार सोडला नाही. आणि चर्चचं जे मत पटलं नाही ते पटलं म्हणून सांगितलं नाही. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाच. मान राखून लिहितात, पण मागे सरत नाहीत. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे या बाईला ठाऊक होतं.

भाची: मग शारदा सदनात का नाही वाकल्या? तिथे तर सगळं पुणं विरोधात होतं.

मामा: तीच तर खरी गोष्ट आहे. अमेरिकेत फिरून, पुस्तक लिहून, बोस्टनला मंडळ स्थापून त्यांनी दहा वर्षांच्या मदतीचं वचन मिळवलं. अट अशी की शाळेत धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करायची नाही, प्रत्येकीने आपापले आचार पाळावेत. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पहिली विधवा विद्यार्थिनी कोण? गोदूबाई. पुढे 1893 मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. हिंदू विधवा म्हणून आल्या आणि हिंदू म्हणूनच बाहेर पडल्या. अट पाळली गेली म्हणायला हा मोठा पुरावा आहे.

भाची: आणि त्याच 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ तर आधीपासून तुटून पडलेला. कशावरून? रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली आपण होऊन येऊन बसायच्या. एवढं दार बंद केलं असतं तर सगळं वाचलं असतं. तुम्ही तिथे असता तर दार बंद करायला सांगितलं असतंत, मामा.

मामा: (थोडं थांबून) कदाचित सांगितलं असतं.

भाची: आणि त्यांनी ऐकलं नसतं.

मामा: नसतंच ऐकलं. पण पुढचं ऐक. दार बंद केलं नाही आणि दिलेला शब्दही मोडला नाही. दहा वर्षांचा करार होता तोवर सदनाचं स्वरूप तेच ठेवलं. 1898 मध्ये मुदत संपली तेव्हा स्वतः अमेरिकेला गेल्या, मंडळाची नव्याने घडी बसवून आल्या, आणि मग मुक्ती सदन उघडउघड ख्रिस्ती पायावर चालवलं. ते दिवस नुसते काढले नाहीत. वृंदावनच्या विधवांचं काय होतं ते बघायला यात्रेकरू बाईच्या वेशात जाऊन राहिल्या. यरुशलेमच्या पडक्या तटाची पाहणी करायला नहेम्या रात्री कुणाला न सांगता बाहेर पडला होता, तसंच हे. केडगावला जमीन घेऊन ठेवली, विहिरी खणल्या. म्हणून 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या तेव्हा त्यांना न्यायला जागा होती. पुण्यात प्लेग, सरकारचा हुकूम की सदनात आणखी माणसं ठेवू नका, तर केडगावच्या माळावर तंबू ठोकले. आधी विहीर खणली, मग तहानलेली माणसं आणली. याला मी शहाणपण म्हणतो.

भाची: पण माणसं आणायचं ठरलं तेव्हा पैसे होते का हातात?

मामा: पुरेसे नव्हते.

भाची: म्हणजे विहीर होती, पैसे नव्हते, आणि तरी गेल्या. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पैसे होईपर्यंत थांबायला हवं होतं.

मामा: तू शब्दात पकडतेस. बरं, त्याच सालचं दुसरं सांगतो, ते तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. 1897 चा प्लेग. घराघरांत सोजिरांच्या झडत्या, लोकांना उचलून इस्पितळात आणि छावणीत नेणं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली. सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं त्यात होतं. त्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात आरोप केले. पुरावा मागितला गेला तेव्हा हातात काही नव्हतं, पत्रं लिहिणारे पुढे येईनात. परत आल्यावर त्या सच्च्या माणसाला जाहीर माफी मागावी लागली. ती माफी त्यांना किती वर्षं बोचली असेल. त्याच वर्षी रमाबाईंनीही ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टनी ते खोडून काढलं, विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गोष्ट गेली. पण रमाबाईंचं पत्र ऐकीव नव्हतं. त्यांच्याच आश्रयातल्या मुलीला तिथे नेलेलं होतं. नाव, जागा, प्रसंग, सगळं त्यांना सांगता येत होतं. दोघंही धीट आणि दोघंही खरे. फरक एवढाच की एकाच्या हातात साक्षीदार होता. तुझ्या हातात काय आहे? मोबाइलवरचा एक फोटो.

भाची: सत्तावीस फोटो आहेत. जूनपासूनचे.

हे ऐकून मामा गप्प झाले. मग म्हणाले, आधी का नाही सांगितलंस?

भाची: तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मला आल्यापासून थांबायलाच सांगताय. आता मी विचारते. हे तुम्हाला आजच कळलं की आधीपासून माहीत होतं?

मामा: कुणकुण होती.

भाची: कधीपासून?

मामांनी उत्तर दिलं नाही. चष्मा काढून पुसत राहिले. माझा भाऊ आहे म्हणून मी हा भाग गाळणार नाही. ज्याने आयुष्यभर शाळेत एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो माणूसही मंडळीच्या कमिटीत बसून योग्य वेळेची वाट पाहत होता, आणि ती वेळ दर वर्षी पुढे जात होती. परीक्षा झाल्या की प्रवेश, प्रवेश झाले की अनुदानाचा हप्ता, मग वर्धापनदिन, मग नवी कमिटी. चांगली माणसं अशीच अडकतात. वाईट हेतूने कुणी थांबत नाही. फक्त कुठवर थांबायचं ते कुणी ठरवत नाही.

तेव्हा मीही मध्ये पडले. दोघांनाही अबीगईलची आठवण करून दिली, कारण मला या प्रश्नावर तिच्याइतकं शहाणं माणूस बायबलमध्ये दुसरं दिसत नाही. तिच्या नवऱ्याने, नाबालाने, दावीदाच्या माणसांचा अपमान केला. दावीद चारशे माणसांना तलवारी बांधायला लावून निघाला आणि उजाडायच्या आत त्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही अशी शपथ घेऊन बसला. चाकराने ही खबर अबीगईलला दिली. तिने घटकाभरही दवडली नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं रांधलेलं मांस, हुरडा, मनुका, अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादल्या, नवऱ्याला न सांगता निघाली आणि रागाने पेटलेल्या माणसाच्या वाटेत उतरून उभी राहिली. तिथे शहाणपण घाईत होतं. घरी परतली तर नाबाल पिऊन तर्र. त्याला त्या रात्री ती एक शब्द बोलली नाही. सकाळी नशा उतरल्यावर सगळं सांगितलं. तिथे शहाणपण थांबण्यात होतं, पण ते थांबणं एका रात्रीचं होतं. एस्तेरचंही तसंच. आपल्या लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघालेला असताना तिने तीन दिवस उपास केला, राजाला एकदा जेवायला बोलावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, आणि त्या दुसऱ्या मेजवानीत तो हुकूम काढवणाऱ्या हामानाचं नाव घेतलं. तिसरी मेजवानी झाली नाही.

मामा: प्रभूचंही तेच. योहानाच्या शुभवर्तमानात कितीदा येतं की त्याची घटका अजून आलेली नव्हती. लोक धरायला आले की तो निघून जातो. नाझरेथच्या कड्यावरून निघून गेला, मंदिरातून निघून गेला. आम्ही तेवढंच धरून बसतो.

भाची: आणि मग तो आपण होऊन यरुशलेमकडे तोंड करतो. शिष्य घाबरून मागे चाललेत आणि हा पुढे. घटका आली असं तो स्वतःच सांगतो, मामा.

इथून पुढचं बोलणं कामाचं झालं, आणि त्या संध्याकाळचा तोच सगळ्यात मोलाचा भाग. रविवारी उठायचं नाही, हे भाचीने मान्य केलं, मामांच्या धाकाने नाही, तर वहीचं काय होईल या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं म्हणून. मामांनी कबूल केलं की परीक्षा होईपर्यंत थांबणं चालणार नाही. जानेवारीची 31 तारीख ठरली. तोवर तीन कामं. फोटोंच्या प्रती काढून, तारखा घालून, तीन वेगळ्या घरी ठेवायच्या. स्वयंपाकीणबाईंशी बोलायचं, कारण प्रत्येक पानावर सही त्यांची आहे आणि पहिला ठपका त्यांच्यावरच येणार. त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, आणि त्यांची नोकरी जाणार असेल तर त्यांच्या घरी चूल कशी पेटेल ते आधी पाहायचं. आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला द्यायच्या अर्जात पहिलं मागणं चौकशीचं नव्हे, तर चौकशी चालू असताना वसतिगृह बंद पडू नये, दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली चालावं, हे घालायचं. तरी बंद पडलंच तर दहावीच्या नऊजणी कुणाकुणाच्या घरी राहतील, त्या घरांची यादी भाचीने तिथेच बसून केली. पहिलं घर मामांचं होतं.

स्वयंपाकीणबाईंचा विचार भाचीला आधी सुचला नव्हता. तो मामांचा. तारखेचा आग्रह मामांना कधी सुचला नसता. तो भाचीचा. मला विचाराल तर दोघांत भाचीचं पारडं जड आहे. रीत शिकवणारी वडीलधारी माणसं मंडळीत पुष्कळ मिळतात. जूनपासून रात्री, मुली झोपल्यावर, वहीच्या पानांचे फोटो काढत बसणारी एखादीच असते.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं जमलं नाही. मामांचं मत असं की चौकशीचा निकाल लागेपर्यंत मंडळीत वाच्यता नको. खात्री होण्याआधी एखाद्याचं नाव चव्हाट्यावर मांडणं हेही पापच. भाची म्हणते, नाव नका घेऊ, पण आपल्या संस्थेच्या वसतिगृहात धान्य कमी पडतंय आणि अर्ज गेलाय, एवढं तरी मंडळीला अर्ज दिल्याच्या दिवशीच कळलं पाहिजे. दर महिन्याला दान टाकणाऱ्या माणसाला ते विचारायचा हक्क आहे. त्यावरून दोघं अजूनही भांडतात. मी भाचीच्या बाजूची आहे.

अर्ज 31 जानेवारीला गेला. खाली दोन सह्या आहेत. पहिली अधीक्षिकेची. दुसरी करायला मामांनी एक रात्र मागून घेतली, आणि सकाळी येऊन केली.

हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या मंडळीचं, संस्थेचं वसतिगृह असेल, अनाथाश्रम असेल, तर या वर्षीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर साठा नोंदवही आणि हजेरीपत्रक टेबलावर ठेवायला सांगा. आणि सभेच्या आधी एखाद्या दिवशी, कुणाला न कळवता, दोघीतिघी मिळून रात्री नऊनंतर तिथे जा आणि अंथरुणं मोजा.